घरच्या भिंतीवरचे चित्र

नवे घर घ्यावे, रंगरंगोटी व्हावी, दिवे-पंखे बसावेत, पडदे लागावेत आणि वास्तुशांतीला दोन दिवस उरले असता दिवाणखान्याची मोठी भिंत मोकळीच राहिली आहे ह्याचे कोणाला तरी स्मरण व्हावे, हा क्रम आता बहुतेक कुटुंबांत रूढ झाला आहे. आणि मग जी धावपळ होते तीत चित्राची निवड कोचाच्या कापडावर सोपविली जाऊन, त्या कापडाच्या निळ्या रंगाशी मिळतेजुळते असे काहीतरी निळसर दुकानातून उचलून आणले जाते, ज्याकडे पाहुण्यांची दृष्टी एकदा जाते आणि घरच्यांची कधीच जात नाही. कोच काही वर्षांनी फाटतो व बदलला जातो, नवा येतो तो तपकिरी असतो, आणि चित्राचा त्या घरात राहण्याचा एकमेव आधार नाहीसा होतो. ह्याच निवडीत अलीकडे आणखी एक अधिकारी हस्तक्षेप करू लागला आहे, तो म्हणजे वास्तुशास्त्राचा सल्लागार. धावणारे सात घोडे पूर्वेच्या भिंतीवर की दक्षिणेच्या, ह्याविषयी त्याचा हुकूम सुटला की गृहस्थ निमूटपणे घोडे विकत आणतो. त्या घोड्यांकडे पाहून आपल्याला स्वतःला काही वाटते काय, हा प्रश्न विचारण्याची त्याला अनुज्ञाच नसते. श्रद्धेचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. परंतु जी वस्तू रोज सकाळी डोळे उघडताच दिसणार, तिची निवड कोच अथवा सल्लागार ह्यांच्या हवाली करणे हे मला गृहस्थधर्माला कमीपणा आणणारे वाटते.

आपल्या जुन्या घरांत अशी स्थिती नव्हती. वाड्याच्या दिवाणखान्यात छताला लगटून, किंचित पुढे झुकलेल्या ज्या तसबिरी टांगलेल्या असत, त्यांतील प्रत्येकीला तेथे असण्याचे स्वतंत्र कारण असे: एक कुलदैवताची, एक पणजोबांची, एक लोकमान्यांची, आणि एखादी राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची किंवा सरस्वतीची. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत तसबिरींनी, जे राजवाड्यांतच पाहावयास मिळे ते कारकुनाच्या व शाळामास्तराच्या खोलीत आणून ठेवले. त्या छापील होत्या, स्वस्त होत्या, आणि घरोघरी तीच लक्ष्मी होती; तरीही ज्या घरात तिला शुक्रवारी हळदकुंकू वाहिले जाई त्या घराची ती स्वतःची होती. म्हणून चित्र एकमेव असले पाहिजे किंवा महाग असले पाहिजे, असा माझा आग्रह नाही. त्या घरातील कोणाच्या तरी जीवनाशी त्याचा धागा जोडलेला असावा, एवढाच माझा आग्रह आहे, आणि हा धागा कसा शोधावा हे सांगण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे.

शोधाचा आरंभ बाजारात न करता माळ्यावरील ट्रंकेत करावा. आजीच्या रुखवतात मांडलेले मण्यांचे काम, मावशीने जाळीच्या कापडावर दोऱ्याने भरलेला पोपट, वडिलांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीसाठी काढलेली स्थिरचित्रे व संकल्पचित्रे, असा ऐवज महाराष्ट्रातील असंख्य घरांत कापडात गुंडाळून पडलेला असतो आणि घर बदलताना तो सर्वांत आधी टाकला जातो. तांब्या, दोन वांगी आणि एक घडी पडलेला टॉवेल असे एखादे शाळकरी स्थिरचित्र चांगल्या चौकटीत बसविले म्हणजे त्यातील चुकलेली छायासुद्धा प्रिय वाटू लागते. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ही अशीच दुर्लक्षित संपत्ती होय. दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) ह्यांच्या कुंचल्यांनी एका संपूर्ण पिढीच्या डोळ्यांना स्त्रीसौंदर्याची आणि देवदेवतांची रूपे दिली. दलालांच्या 'दीपावली'चा एखादा अंक रद्दीत जाण्यापूर्वी हाती लागला, तर त्याचे मुखपृष्ठ अलगद सोडवून चौकटीत घालण्यात कमीपणा मानू नये.

ट्रंकेच्याही पलीकडचा एक मार्ग सुचवितो, जो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या मूळ गावचा गावनकाशा भूमी अभिलेख खात्याच्या कचेरीत अर्ज व शुल्क देऊन मिळू शकतो. त्यावर गावठाण, शिवेच्या रेषा, ओढे, गाडीवाटा, विहिरी आणि जमिनीचे क्रमांक इतक्या नेमक्या आणि निरलंकार रेषांनी दाखविलेले असतात की, काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राचे सौंदर्य त्याला आपोआपच प्राप्त होते. ज्या कुटुंबाचे गाव कोयनेच्या शिवसागरात किंवा उजनीच्या पाण्यात गेले, त्या कुटुंबाला जुना नकाशा मिळाला तर त्याच्याइतके अर्थपूर्ण चित्र कोणताही चित्रकार देऊ शकणार नाही. नातवाला बोट ठेवून आपले शेत दाखविता येईल अशी ती एकच जागा उरलेली असते. मोडीतील जुन्या सनदा आणि पत्रे ह्यांच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळावे: अस्सल कागद कपाटात अंधारात ठेवावा आणि भिंतीवर त्याची उत्तम छायाप्रत लावावी, कारण अस्सल दस्तऐवजाचे उजेडाशी वैर असते.

घरात असे काहीच नसेल, किंवा असूनही नव्याची ओढ असेल, तर प्रथम काही महिने काहीही विकत न घेता केवळ पाहत राहावे. मुंबईकरांना ह्यासाठी सबब नाही. काळा घोडा येथील जहांगीर कलादालन 1952 पासून उघडे आहे, तेथे एका फेरीत तीन-चार चित्रकारांचे काम दिसते, आणि बाहेरच्या पदपथावर बसणाऱ्या चित्रकारांचे निराळेच. 1857 साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी दरवर्षी आपले प्रदर्शन मांडतात, आणि मर्यादित उत्पन्नाच्या गृहस्थाला अस्सल काम परवडण्याजोग्या किमतीत मिळण्याचा त्याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. मुंबईबाहेरच्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते आणि ज्यांनी रामायणाची चित्रमालिका स्वहस्ते रंगविली, 1938 साली जे संग्रहालय उभारले, त्यात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्प एकाच छताखाली पाहावयास मिळतात. एका लहानशा संस्थानाच्या अधिपतीला आपल्या रुचीवर विश्वास ठेवून काय जमविता येते ह्याचा तो धडा आहे, आणि तेथील यमाईदेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक टेकडीवरच्या त्या इमारतीत शिरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

पाहावे कसे, ह्याविषयी माझी एक पद्धत आहे. प्रदर्शनात प्रथम एकट्याने जावे, कारण सोबतीचा मनुष्य बोलू लागला की आपण त्याचे मत पाहू लागतो. भिंतीवरील माहितीपत्रक व किमतीची यादी शेवटी वाचावी. घरी आल्यावर आठवडाभर त्या चित्रांचा विषय काढू नये, आणि मग एके दिवशी आपल्याला कोणते चित्र आपोआप आठवते व त्यातील नेमके काय आठवते, हे तपासावे. आठवण केवळ रंगाची असेल तर घाई करू नये. त्यातील एखादी बसण्याची ढब, एखादा उंबरठा, पावसाने काळी झालेली कौले, ओळखीची वाटणारी पण कोठे पाहिली ते न आठवणारी एखादी जागा मनात राहिली असेल, तर पुन्हा जाऊन यावे. दुसऱ्या भेटीत जे चित्र पहिल्याहून अधिक देते ते घेण्याजोगे होय. दुसऱ्या भेटीत जे उणे वाटते ते कितीही नामांकित चित्रकाराचे असले तरी त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

निवड झाली म्हणजे आपण जे घेत आहोत ते नेमके काय आहे, ह्याची खातरजमा करणे आवश्यक असते, आणि येथे सुशिक्षित माणसेही फसतात. हातात निरांजन घेतलेल्या, बोटांच्या फटींतून ज्योतीचा प्रकाश झिरपत असलेल्या त्या प्रसिद्ध स्त्रीचे चित्र शेकडो मराठी घरांत आहे, आणि त्यांपैकी कित्येक घरांत ते रविवर्म्याचे म्हणून दाखविले जाते; वास्तविक ते सावंतवाडीकडून मुंबईस आलेल्या सा. ल. हळदणकरांचे (1882–1968), त्यांच्या स्वतःच्या मुलीला समोर उभी करून काढलेले, मूळचे जलरंगातील चित्र असून ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याची छापील प्रत घरी लावण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते एवढेच की, कापडावर छापून वरून चार ठिकाणी जाड वार्निशचे फटकारे दिलेली प्रत कोणी हाताने रंगविलेले चित्र म्हणून विकावी आणि आपण तिचे तसे मूल्य मोजावे. परीक्षा सोपी आहे. बहिर्गोल भिंगातून पाहिले असता छापील चित्रात रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. तैलचित्रावर बाजूने तिरपा उजेड टाकला असता रंगाचे उंचवटे आकाराला धरून जाताना दिसतात, छापील प्रतीवरील वार्निशचे फटकारे मात्र खालच्या आकाराशी काही संबंध न ठेवता वाटेल तिकडे जातात. चित्रकाराने स्वतः शिळेवरून किंवा धातूच्या पत्र्यावरून काढलेले मर्यादित ठसे ही गोष्ट निराळी. त्यांच्या खालच्या कडेला शिसपेन्सिलीने सही आणि 7/50 असा अंक असतो, म्हणजे पन्नासांपैकी सातवा ठसा. हे अस्सल कामच होय, आणि मूळ तैलचित्राच्या मानाने ते पुष्कळच स्वस्त पडते.

आता लोककलेकडे वळतो, आणि येथे थोडे रेंगाळण्याची वाचकांनी परवानगी द्यावी, कारण जिच्याविषयी सर्वाधिक प्रेम बोलून दाखविले जाते व सर्वांत कमी जाणून घेतले जाते अशी ही कला आहे. डहाणू-तलासरीकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असावी, आणि धवलेरीने गीते म्हणून ते लग्न लावावे, ही मूळची रीत. ते चित्र शोभेचे नव्हते. त्याच्यावाचून लग्नच होत नसे. 1970च्या सुमारास भास्कर कुलकर्णी ह्या चित्रकाराने त्या पाड्यांत फिरून ही कला कागदावर आणण्यास उत्तेजन दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी (त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ते निवर्तले) लग्नाच्या निमित्तावाचूनही रोज चित्र काढण्याचा परिपाठ ठेवला. त्यांची मासेमारीची जाळी आणि मुंग्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे दोन त्रिकोण व एक वर्तुळ ह्यांतून मनुष्य किती हलू शकतो ह्याचे आश्चर्य वाटते. आज तीच माणसे चहाच्या कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि इमारतींच्या कुंपणांवर गोल धरून नाचताना दिसतात व कोणालाच काही सांगत नाहीत. वारली चित्र घ्यावयाचे तर ते काढणाऱ्याच्या हातून घ्यावे, आणि घेताना त्याला ह्यात काय चालले आहे असे विचारावे. ज्याने काढले तो कथा सांगेल: हे तारपा वाजविणारे, हा वाघदेव, हा धान्यदेवी कणसरीचा प्रसंग. विकणाऱ्याला सांगता आले नाही तर चित्र त्याचे नव्हे असे समजावे. ती कथा त्याच दिवशी लिहून ठेवावी, कारण पुढे पाहुण्यांस सांगताना आपण तिच्यात भर घालू लागतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर समाजाने जतन केलेल्या चित्रकथीची गोष्टही अशीच आहे. रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगताना एकामागून एक समोर धरावयाच्या कागदांची ती पोथी. तेव्हा सुटे चित्र हे एका लांबलचक कथेतील एक क्षण असते, आणि आपल्या घरासाठी कोणता क्षण घ्यावयाचा हे ठरविण्यात खरा आनंद आहे. पिंगुळीस परशुराम गंगावणे ह्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या लहानशा संग्रहालयात जुन्या पोथ्या पाहून मग नव्या चित्राची फर्मास द्यावी. तेथून सावंतवाडी जवळच आहे, जेथील राजवाड्यात लाखकाम केलेली गंजिफा ह्या जुन्या पत्त्यांच्या खेळाची गोल पाने आजही हाताने रंगविली जातात. दशावतारी गंजिफाचा पूर्ण जोड 120 पानांचा, म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने, असतो. ज्यांची भिंत लहान आहे त्यांनी मत्स्यापासून कल्कीपर्यंतची दहा राजांची पानेच एका चौकटीत मांडली तरी ती वर्षानुवर्षे पुरतील.

देवादिकांचे चित्र म्हटले की कॅलेंडर आठवावे, अशी आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. ती मोडण्यासाठी गोमंतकाच्या आंजेलो द फोन्सेकाचे (1902–1967) काम पाहावे, ज्याने पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहून मेरीमातेला लुगडे नेसविले आणि त्यासाठी स्वधर्मीयांचा रोष पत्करला. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्याच्या चित्रांचा संग्रह आहे. आपले दैवत आपल्याच अंगणात उभे राहिलेले पाहण्याची इच्छा असलेल्या कोणत्याही धर्माच्या माणसाने तो एकदा पाहावा.

मृत आईवडिलांचे छायाचित्र देऊन त्यावरून तैलचित्र करवून घेण्याची प्रथा मला फारशी पसंत नाही. लहान छायाचित्रात जे नाही ते चित्रकार कल्पनेने भरतो, आणि घरच्यांना परकी वाटणारी मुद्रा कायमची भिंतीवर येते. त्यापेक्षा तेच छायाचित्र नीट मोठे करवून घ्यावे. तरीही चित्रच हवे असेल तर आकार, माध्यम, मुदत, बयाण्याची रक्कम आणि कच्चे रेखाटन दाखविण्याची अट ही कागदावर लिहून घ्यावी. पैशाविषयी एवढेच म्हणतो की, विद्यार्थ्याशी आणि लोककलावंताशी घासाघीस करू नये, आणि रक्कम एकदम शक्य नसेल तर हप्ते मागण्यास लाजू नये. बहुतेक चित्रकार आनंदाने देतात. पावती मात्र अवश्य घ्यावी, आणि तीवर चित्राचे नाव, साल व माध्यम नमूद करवावे.

टांगण्याच्या बाबतीत आपण जुन्या वाड्यांचे अनुकरण सोडले पाहिजे. छताजवळच्या तसबिरी नमस्कारासाठी होत्या, पाहण्यासाठी नव्हत्या. पाहावयाच्या चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा, आणि जेथे बहुधा बसूनच पाहिले जाते त्या खोलीत आणखी खाली. आपल्या हवेत चित्राचे दोन शत्रू आहेत, ऊन आणि ओल. जलरंग, शाई व छापील रंग उन्हाने फिकट होतात, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत त्यांना वर्ज्य. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते, आणि कोकणात व मुंबईत चार महिन्यांत कागदावर बुरशीचे तपकिरी डाग उमटतात. म्हणून कागदावरचे काम आतल्या भिंतीवर लावावे, चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवून भिंत व चौकट ह्यांत वारा खेळू द्यावा, आणि पावसाळा संपताच एकदा उतरवून पाठ तपासावी. काच चित्राला टेकू नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार हवी. आणि तो पुठ्ठा आम्लरहित असावा, नाहीतर काही वर्षांत कागदाला पिवळी कड येते. चौकट करणारे कारागीर मागे लाकडी फळी ठोकण्यास उत्सुक असतात, त्यांना तसे करू देऊ नये. तैलचित्राला काच नको, ओले फडके तर मुळीच नको. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, आणि कसर व वाळवी ह्यांच्यावर नजर ठेवावी.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी एक सूचना. पुराणवस्तू आणि कलानिधी ह्यांविषयीच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, आणि रविवर्म्याची मूळ चित्रे तर कितीही छोटी असली तरी नेता येत नाहीत. आजीच्या देवघरातील पितळी मूर्ती सामानात टाकण्यापूर्वी, ती जुनी असल्याचा संशय असल्यास, पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. नवी वारली चित्रे, गंजिफा व ठसे ह्यांना अशी आडकाठी नाही.

शेवटी एक विनंती. चित्र भिंतीवर चढण्यापूर्वी एका कागदावर ते कोणी काढले, कोणत्या साली, कोठून व कोणाकडून मिळाले, त्यात काय दाखविले आहे, आणि ते तुम्ही का घेतले, एवढे शिसपेन्सिलीने लिहा आणि तो कागद चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, चित्राला न लागेल असा, चिकटवून ठेवा. घरात आधीपासून लावलेली जी चित्रे आहेत त्यांच्यासाठीही, ज्यांना ही माहिती ठाऊक आहे ती वडीलधारी माणसे आहेत तोवर, त्यांच्याजवळ बसून हे काम येत्या रविवारी उरकून घ्या.